पांढऱ्या सदऱ्याची बटणं

बँकॉक, ५ ऑगस्ट

पी साइपिन,

तिथे सगळे तुला 'माए-ची' म्हणत असतील. डोकं भादरून पांढरी वस्त्रं घेतलेल्या बाईला तसंच म्हणायचं असतं, हे मला माहीत आहे. पण थोरल्या बहिणीला मी जन्मभर 'पी' म्हणत आले, ते एकदम सुटत नाही. चालत नसेल तर तुमच्या थोरल्या माए-चींना, खुन माए प्रयोंगना विचारून कळव. पुढच्या पत्रात सुधारेन.

तुम्ही फोन विहाराच्या फाटकापाशी ठेवून आत जाता, म्हणून हे पत्र. मला पत्रं लिहायची सवय नाही. काही चुकलं तर हसू नकोस, निदान मोठ्याने.

बातमी अशी की आमाने मला जेवायला बोलावलं आहे. आमा म्हणजे आमच्या बटणांच्या कंपनीची म्हातारी मालकीण. तेओच्यू चिनी घरातली, म्हणून ऑफिसात लहानथोर सगळे तिला आजीसारखं 'आमा' म्हणतात. तिची एक रीत आहे. कुणाचं प्रोबेशन संपत आलं की त्या माणसाला एकट्यालाच ती शहरातल्या भारी रेस्टॉरंटमध्ये जेवायला नेते. जेवताना कामाचा शब्द काढत नाही. दुसऱ्या दिवशी कळतं, माणूस कायम झाला की नाही.

माझी पाळी पुढच्या महिन्यात, तेरा तारखेला. नदीकाठच्या मोठ्या हॉटेलात, चाळिसाव्या मजल्यावर.

रेस्टॉरंटकडून निरोप आला आहे. पोशाख रुबाबदार असावा, पण भपकेबाज नसावा. पी, ह्याचा अर्थ काय? मी तो इतक्या वेळा वाचला की पाठ झाला. रुबाब कुठे संपतो आणि भपका कुठे सुरू होतो, हे त्यात लिहिलेलं नाही. मी रसायनशास्त्र शिकले. कुठल्या बटणाचा रंग कशाने सुटेल हे मी सांगू शकते. पण चाळिसाव्या मजल्यावर जेवायला काय घालून जायचं, हे आपल्या घरात कुणाला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता आणि कॉलेजातही कुणी शिकवलं नाही.

माझ्याकडे काय आहे ते तुला ठाऊकच आहे. ऑफिसचे काळे स्कर्ट, पदवीच्या दिवसाचा तो आकाशी ड्रेस, ज्याची चेन अर्ध्यात अडकते, आणि आईचं जांभळं रेशमी सिन. ते मात्र मी अजून एकदाही कमरेला गुंडाळलेलं नाही. फाटेल अशी भीती वाटते.

नोकरी कायम झाली की मी गॅलरीवाली जागा बघणार आहे. 'नोय शिकून कामाला लागली तर एक वर्षावास, पावसाळ्याचे तिन्ही महिने, पांढऱ्यात काढीन', हा तुझा नवस ऑक्टोबरात फिटेल आणि तू परत येशील. तुझं शिलाईमशीन गॅलरीत उजेडाला ठेवू. पण तेव्हा तुला दुसऱ्यांचे युनिफॉर्म शिवायची गरज उरणार नाही. वाटलं तर शिवायचं, नाही तर बसून राहायचं. सगळं ह्या एका जेवणावर आहे.

मी काय घालू?

तुझी,
नोय


लोई, १४ ऑगस्ट

नोय,

पी म्हण नाही तर माए-ची म्हण. खुन माए प्रयोंगना विचारलं. म्हणाल्या, "'ए' म्हटलं तरी तुला ऐकू येतंय ना? मग झालं."

आमच्याकडे दुपारी बारानंतर काही खायचं नाही आणि नटायचं तर कधीच नाही. आणि तुझ्या पत्रात काय? रात्रीचं जेवण आणि नटणं! मी बाजूला बसून गुपचूप वाचत होते. माए-ची बुआ भांडी घासता घासता म्हणाली, "तोंड असं का झालंय? कोण गेलं?"

"कुणी नाही. धाकटीला कपडे सुचत नाहीत."

झालं. सगळ्याजणी राखेचे हात घेऊन गोळा झाल्या. पत्र दोनदा मोठ्याने वाचावं लागलं. मला वाटलं, खुन माए आता रागावणार. त्या म्हणाल्या, "नटायचं नाही असं शील आहे. दुसरीने काय घालावं ह्याचा विचार करायचा नाही, असं मी तरी कुठे वाचलेलं नाही." मग स्वतःच जवळ सरकून बसल्या.

तर आमचे प्रश्न असे. चाळिसाव्या मजल्यावर वारा असतो का? असला तर घेर नको. खुर्च्यांना हात असतात का? असले तर रुंद बाह्या अडकतात. दिवे पिवळे की पांढरे? पिवळ्या दिव्याखाली तो आकाशी ड्रेस मळका दिसेल. माए-ची बुआ विचारते, तिथे पोट भरेपर्यंत वाढतात का? खुन माए विचारतात, पुढ्यात काचेचे पेले किती मांडतात? त्या पूर्वी सोन्याच्या पेढीच्या मालकीणबाई होत्या. अशा जागी खूप जेवल्या आहेत. एरवी त्याबद्दल बोलत नाहीत, पण पेल्यांचं विचारताना डोळे बारीक केले.

एकच सांगते. तांबडं घालू नकोस. तू जन्माने सोमवारची. सोमवारच्या माणसाला तांबडं वर्ज्य. आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं.

मशीनला तेल घालत जा. आणि तुझं कायम झाल्याचं वर्षावास संपायच्या आधी कळेल ना? आधी कळलं तर बरं पडेल.

साइपिन


बँकॉक, २० ऑगस्ट

पी,

तुमचे प्रश्न वाचून मला कळलं की घरी बसून ह्याचं उत्तर मिळणार नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी त्या हॉटेलातच गेले. वर जायची हिंमत नव्हती. खाली लिफ्टसमोरच्या सोफ्यावर बसले आणि वर जाणाऱ्या बायकांचे कपडे बघत राहिले. थोड्या वेळाने दारावरचा माणूस आला.

"कुणाला भेटायचंय, मॅडम?"

खोटं सुचलं नाही. म्हटलं, "कुणाला नाही. मी कपडे बघतेय."

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "मग तिकडे खांबापाशी बसा. इथून नुसत्या पाठी दिसतात."

खांबापासून खरंच चांगलं दिसत होतं. पी, सगळ्या बायका काळ्या कपड्यांत! काळा रेशमी, काळा लोकरी, काळा बिनबाह्यांचा. दागिना असलाच तर एखादाच. अंगावर इतकं कमी असताना इतकं भारी कसं दिसतं, हे मला कळेना. नीट बघितल्यावर कळलं. शिवण कुठे दिसतच नव्हती. खांद्यावर एक सुरकुती नाही. तू असतीस तर त्यांच्या मागे मागे लिफ्टमध्ये शिरली असतीस.

तेव्हा मी ठरवलं, काळा. सोमवारी पी जुमला सांगितलं. पी जुम म्हणजे आमच्या पॅकिंगची मुख्य, आमाबरोबर निम्मं आयुष्य काढलेली. ती हातातला चहा खाली ठेवून म्हणाली, "काळा? आमासमोर? पोरी, मागच्या वर्षी एकजण काळा घालून गेली होती. आमाने सूप येईपर्यंत तिच्याकडे बघितलं नाही. मग म्हणाली, 'मी अजून जिवंत आहे गं.'"

"मग ती कायम झाली?"

"तिच्याच रिकाम्या झालेल्या टेबलावर तू बसतेस."

म्हणजे तांबडं किंवा गुलाबी. आमाच्या घरात शुभ तेच. आता तू म्हणतेस तांबडं वर्ज्य. पण पी, मी जन्मदाखला काढून कॅलेंडरशी ताडून पाहिला. माझा जन्म मंगळवारचा आहे! मंगळवारच्या माणसाला तांबडं चालतं, पिवळसर चालत नाही. इतकी वर्षं आपण चुकीचा वार धरून बसलोय की काय? तू नक्की आठवून सांग. मला कुणाला खोटं पाडायचं नाही, पण दाखल्यावर शिक्का आहे.

पी जुम तिच्या भाचीचा तांबडा ड्रेस देते म्हणते. तो मला खांद्यात सैल आहे आणि दुसऱ्याचा आहे. दुसऱ्याच्या कपड्यात बसून मी नीट जेवू शकेन असं वाटत नाही.

तू लिहिलंस, 'आधी कळलं तर बरं पडेल.' कळेल, पी. कळलं की लगेच जागा ठरवते, म्हणजे तू उतरलीस की थेट नव्या घरीच.

नोय


लोई, ३१ ऑगस्ट

नोय,

शिक्का मारणारा तुझ्या जन्माला हजर नव्हता. मी होते. दिवा धरून उभी होते. तू आलीस तेव्हा कोंबडा आरवायचा होता, बाहेर काळोख होता. घड्याळात मंगळवार लागला असेल, पण वार उजाडल्यावर बदलतो, बारा वाजल्यावर नाही. तू सोमवारची आहेस. दाखला ऑफिसात दाखव, रंग निवडताना मला विचार.

सोबत पुडकं आहे. लांब बाह्यांचा सदरा शिवला आहे. बाह्या मनगटाला तंग ठेवल्यात, कशात अडकणार नाहीत. खांद्यावर सुरकुती पडली तर माझं नाव बदल. शिवण शोध, मिळाली तर सांग. आईच्या सिनवर हाच घाल. ते रेशीम तुला वाटतं तितकं नाजूक नाही. आई ते नेसून बैलगाडीत बसली होती.

बटणं साधी पांढरीच मिळाली.

साइपिन

ताजा कलम माझा, प्रयोंगचा. मुली, पेले कितीही असोत, उजवीकडून सुरुवात कर आणि जो भरतील त्यातूनच पीत जा. रुमाल मांडीवर. आमा जे खाईल ते तूही खा, पण तिच्या आधी नको. आणखी एक. तुझी बहीण सांगणार नाही म्हणून सांगते. आमच्याकडे प्रत्येकीला पांढऱ्या कपड्यांचे दोन जोड मिळतात. तिने आपला एक जोड उसवून हा सदरा बेतला आहे. मी विचारलं, आता तुझं काय? म्हणाली, वर्षावास संपेपर्यंत एक पुरतो, पुढचं धाकटीचं कळल्यावर बघू.


बँकॉक, ६ सप्टेंबर

पी,

सदरा मिळाला. शिवण शोधली, भिंगाखाली शोधली, आतून सापडली, बाहेरून नाही. घालून आरशासमोर उभी राहिले. खांबापाशी बसून पाहिलेल्या कुठल्याच बाईसारखी मी दिसत नव्हते. त्याचं मला वाईट वाटलं नाही. रोज धुऊन तोच घालतेस, हे वाचून मात्र वाईट वाटलं. पावसाळ्यात सदरा वाळतो तरी का? पण थोडेच आठवडे राहिलेत, म्हणून मनाला समजावलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला तीन दिवस लावले. रागावू नकोस.

पी जुमला सदरा दाखवला. तिने हात लावून पाहिला, दोनदा उलटा केला आणि खाली बसली. "काम सोन्यासारखं आहे गं. पण पांढरा. त्यांच्या घरात माणूस गेलं की घरचे पांढरं घालतात. काळा घालून गेलीस तर मयताला आलेली शेजारीण वाटशील. पांढरा घालून गेलीस तर आमाची सूनच."

आपल्याकडे पांढरं म्हणजे विहारात जायचा दिवस. तिथे पांढरं म्हणजे असं. दोघींपैकी चुकीचं कुणीच नाही, आणि मी मधे उभी. पी जुम म्हणते, मुकाट्याने भाचीचा ड्रेस घाल. मी म्हटलं, माझ्या बहिणीने अंगावरचा कपडा उसवलाय, तो मी कपाटात ठेवणार नाही.

मग मला सुचलं. बटणं बदलायची. पांढऱ्यावर सहा तांबडी बटणं. त्या लोकांतही नातवंडांच्या पांढऱ्याला तांबडा ठिपका लावतात, म्हणजे ते अशुभ राहत नाही, असं पी जुमनेच सांगितलं. पण मी सोमवारची. सहा ठिपके वर्ज्य धरायचे का? लहान आहेत. मसुराएवढी म्हण. तू नाही म्हणालीस तर नाही लावणार.

खणात सॅम्पलची तांबडी बटणं पुष्कळ आहेत, पण ती घेणं मला बरं वाटलं नाही. विकत घ्यावीत तर आमची कंपनी ग्रोसशिवाय, म्हणजे एकशे चव्वेचाळीसच्या खाली, विकत नाही. मला हवी सहा. म्हणून साम्पेंगच्या गल्लीतून आणली. लावू का, हे इकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी देऊन कळव. पोस्टाने वेळेत यायचं नाही.

नोय


लोई, १० सप्टेंबर

नोय,

ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, म्हणून थोडक्यात. लाव. पण पिवळ्या दोऱ्याने लाव. पिवळा सोमवारचा रंग. बटण आमासाठी, दोरा तुझा. माए-ची बुआ म्हणते, दोरा चौपदरी घे, तुटलं तर सूपात पडेल. सगळ्यांना हे पटलंय. खुन माए म्हणाल्या, ह्याला रंगांचा नाद म्हणायचा की आपुलकी, ते वर्षावासानंतर ठरवू.

साइपिन


बँकॉक, १५ सप्टेंबर

पी,

आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरं, म्हणजे माए-ची बुआचा जीव भांड्यात पडेल. वारा नाही, सगळीकडे काचा. खुर्च्यांना हात आहेत. दिवे पिवळे. पेले चार. मोठ्या पांढऱ्या ताटात मधोमध एवढासा घास येतो. कधी पपनसाच्या चार फोडी, कधी नदीतल्या कोळंबीचा तुकडा. मग पुढचं ताट. पोट भरतं, पण फार उशिरा.

खाली दारावर तोच माणूस होता. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "आज वर?" मी मान हलवली. त्याने स्वतः लिफ्टचं बटण दाबलं.

आमा आधीच येऊन बसली होती. गुलाबी साटिनचा झगा, हातात हिरव्या जेडची बांगडी आणि पायात, पी, बाजारात घालतात त्या कापडी चपला. रुबाबाचा निरोप तिला कुणी पाठवला नसावा.

"बस. टेकून बस. इथे खुर्चीचेही पैसे लावतात."

मी बसले. तिने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. गळ्याखाली बघत होती.

"ही बटणं माझी नाहीत."

पी, ह्याचा मी विचारच केला नव्हता! रंगाचा केला, वाराचा केला, दोऱ्याचा केला. बटणाच्या मालकिणीसमोर दुसऱ्याची बटणं लावून बसणार आहे, हे एकदाही डोक्यात आलं नाही.

"नाहीत, आमा."

"साम्पेंगमधली. त्या टकल्याच्या दुकानातली."

"टकला आहे का ते दिसलं नाही. टोपी होती."

वेटर पेला भरता भरता थांबला.

"माझ्या गोदामात बटणांचा डोंगर. ह्या वेटरच्या कोटाची बटणंसुद्धा माझी. आणि तू टकल्याची लावून येतेस? सॅम्पलचा खण बंद होता का?"

"उघडा होता. पण ती मोजून दिलेली असतात. आणि विकत घ्यावी तर आपण ग्रोसशिवाय देत नाही. मला सहाच हवी होती."

"मागायची माझ्याकडे."

"कायम होण्याआधी तुमच्याकडे काही मागायचं नाही, असं ठरवलं होतं."

तिने पपनसाची फोड तोंडात टाकली. खुन माएंनी सांगितल्याप्रमाणे मीही टाकली. चव कळली नाही.

"तपासलीस?"

"हो."

"मग?"

"कोरडी ठीक आहेत. गार पाण्यातही ठीक. गरम ओल्या कापडाने घासली तर रंग सोडतात."

"हे माहीत असून लावलीस?"

"वेळ नव्हता, आमा. आणि इथे छप्पर आहे."

तेवढ्यात हात पुसायला गरम टॉवेल आले, वाफाळलेले. आमाने टॉवेल उचलला, "इकडे वाक" म्हणाली आणि मी वाकले. तिने माझ्या गळ्याचं बटण धरून चांगलं खसाखसा घासलं. टॉवेल तांबडा झाला. तो तिने उंच धरला आणि अशी हसली की पलीकडच्या टेबलावरच्या सगळ्या काळ्या ड्रेसनी वळून बघितलं. "टकल्या! अरे टकल्या!" असं म्हणत राहिली. हेडवेटर धावत आला. त्यालाही टॉवेल दाखवला. त्याला वाटलं, काहीतरी सांडलं. बिचारा माफी मागायला लागला.

सदऱ्याला गळ्यापाशी तांबडा डाग पडला आहे. मसुराएवढा. मी काढायचा प्रयत्न करेन.

मग आमाने बाहीची कड उलटून पाहिली. बराच वेळ.

"कुणी शिवलं?"

"बहिणीने. हाताने. तिथे मशीन नाही."

"पिवळा दोरा का?"

"मी सोमवारची आहे."

तिने मान हलवली. "आणि तांबडं?"

"ते तुमच्यासाठी."

"आणि पांढरं?"

"पांढरं तिचंच आहे, आमा. ती माए-ची आहे. स्वतःचा जोड उसवून शिवलंय."

मासा आला, तो तिने निम्मा माझ्या ताटात सरकवला.

मी कायम झाले, पी. दुसऱ्या दिवशी सकाळी पी जुमने ओरडून सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं. पण खरी बातमी पुढे आहे. आमाने मला बोलावून म्हटलं, "त्या बहिणीला आण. हातशिलाईचं असं माणूस मला शहरात मिळत नाही. सॅम्पलच्या खोलीत बसू दे. खिडकीपाशी जागा, रविवारी सुट्टी. युनिफॉर्मचे ढीग नाहीत, माझ्याकडे घाई नाही."

म्हणजे तू आणि मी एकाच इमारतीत! मी गॅलरीवाली जागा बघून आले. सकाळचं ऊन येतं. वर्षावास सतरा ऑक्टोबरला संपतो. अठराची बस सांगू की एकोणीसची?

नोय


लोई, २६ सप्टेंबर

नोय,

तुझं पत्र वाचून इथे काय झालं ते आधी सांगते. टॉवेल तांबडा झाला तिथे माए-ची बुआने टाळी वाजवली आणि मग एकदम हात मागे लपवले. खुन माए म्हणाल्या, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. त्या म्हणाल्या, "मी इतकी वर्षं तसल्या जागी जेवले, इतकं चांगलं जेवण एकदाही झालं नाही."

डाग काढू नकोस. राहू दे.

आता बसचं. मी बरेच दिवस हे लिहायचं टाळत होते. 'आधी कळलं तर बरं पडेल' म्हटलं, त्याचा तू वेगळा अर्थ घेतलास. मला कळत होतं, पण दुरुस्त केलं नाही. म्हटलं, आधी नोकरीचं होऊ दे. नाही झालं तर मला यायलाच हवं होतं, मग उगीच कशाला बोला.

नोय, मला इथे आवडतं. काही मोठं घडलंय असं समजू नकोस. मला काही दिसलेलं नाही, काही कळलेलं नाही. सकाळी डोळा उघडला की पाय मशीनचं पायडल शोधत नाहीत, एवढंच. सुरुवातीला शोधायचे. झोपेतसुद्धा हलायचे, शेजारणीला लागायचे. आता नाही हलत. मी झाडलोट करते, बसते, पुन्हा झाडते. कुणाचं माप घेत नाही. तुझा सदरा शिवला तो पहिला कपडा असेल, जो मी कुणी सांगितल्याशिवाय शिवला.

आमाचं बोलणं खरं आहे, जागा चांगली आहे, हे मला कळतं. तू गॅलरी बघून आलीस तेही कळतं. तुला एकटीला त्या खोलीत ठेवून मी इथे सुखात बसावं, हे माझं मलाच नीट पटत नाही. म्हणून तुझ्यावर सोपवते. तू ये म्हणालीस तर येईन, आणि तोंड वाकडं न करता येईन. माझ्याकडे जोड एकच आहे. परत यायचं असेल तर तेवढा पुरतो.

साइपिन


बँकॉक, १२ ऑक्टोबर

पी,

उत्तराला उशीर झाला. पहिल्या दिवशी मी तुझ्यावर रागावले. दुसऱ्या दिवशी तुझ्या मशीनवरची चादर काढली आणि पायडलवर पाय ठेवून बसले. तू कसं चालवायचीस ते मी रोज बघत होते, अभ्यास करताना, त्याच आवाजात. त्या आवाजाशिवाय मला धडा पाठ व्हायचा नाही. पण तुझे पाय झोपेत हलत होते, हे मला माहीत नव्हतं. मी शेजारीच झोपायचे. मला वाटायचं, तू कूस बदलतेस.

तू येत नाहीस, हे आमाला सांगायला गेले. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "खिडकीची जागा रिकामी राहील. खिडकीला काय होतंय?" मग म्हणाली, "तुला वाईट वाटतंय?"

म्हटलं, "हो."

"चांगलं आहे. वाटू दे. पण काम तपासताना वाटू देऊ नकोस. काल तू एक पेटी चुकीची पास केलीस."

खरंच केली होती. परत मागवली.

रविवारी फाहुरातला गेले, कापडबाजारात. मला वाटायचं, पांढरं म्हणजे पांढरं. दुकानदाराने एकामागून एक ठाणं उलगडली. एक निळसर, एक दुधासारखं, एक धुतल्यावर पिवळं पडणारं, एक उन्हात डोळ्यांना लागणारं. मी विचारलं, ओढ्याच्या पाण्यात कुठलं टिकेल? पावसाळ्यात रात्रीत कुठलं वाळेल? जमिनीवर मांडी घालून बसल्यावर कुठल्याला गुडघ्यावर फुगा येणार नाही? तो म्हणाला, "बाई, कुठल्या समारंभाला घालायचंय?" मी म्हटलं, "रोज." मग त्याने आतून एक ठाण आणलं. मी ते दिव्याखाली बघितलं, मग दाराबाहेर उन्हात नेऊन बघितलं. चाळिसाव्या मजल्यासाठी इतका विचार केला नव्हता.

दोन जोडांचं कापड ड्रायव्हरकडे दिलं आहे. मी गॅलरीवाली जागा घेते आहे. मशीन उजेडाला ठेवणार, मी शिकणार. पहिली तुरपाई तुला पाठवेन. शिवण बाहेरून दिसेलच, हसू नकोस. आणि डिसेंबरात रजा मिळाली की येईन. खुन माएंना विचारून ठेव, विहारात यायला काय घालायचं. मला ते नक्की कळलं पाहिजे. माझ्याकडे एक पांढरा सदरा आहे, पण त्याची बटणं तांबडी आहेत.

पुडक्यात बटणंही आहेत. पांढरी, आमच्या कंपनीची. मी सॅम्पलच्या खणातली घेतलेली नाहीत. आमाने स्वतः ग्रोस फोडला आणि मोजून दिली. गरम टॉवेलने घासून पाहिली. पी जुम म्हणाली, "अगं वेडे, पांढऱ्याचा कुठला रंग जाणार?"

तरी मी पाहिलं, पी. जात नाही.

तुझी,
नोय